पंख्याला कान लावून

ही गोष्ट मी बरीच वर्षं लपवली. बायको होती तोवर तिच्यापासून, मुलापासून, आणि मी निवृत्त होताना माझ्याबद्दल चार चांगले शब्द बोलणाऱ्या शाळेतल्या सगळ्यांपासून. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. पण एकीने विचारलं होतं, आणि तेव्हाही मी खोटंच बोललो.

माझ्या जेवणाच्या टेबलावर तीन लॅपटॉप असतात. जेवणारा एकटाच, त्यामुळे जागा भरपूर. पहिला शाळेच्या कार्यालयातला, जाडजूड, पत्र्याच्या ट्रंकेसारखा. निर्लेखन झालं, म्हणजे शाळेच्या वहीतून तो बाद झाला, तेव्हा मी तो मागून घेतला. दुसरा मुलाने वापरून दिलेला. तिसरा त्याने दिवाळीत पाठवलेला नवा, इतका पातळ की पहिल्यांदा खोक्यात मला तो सापडेचना.

गेल्या मे महिन्यात एका दुपारी कूलरमधलं पाणी संपलं होतं. उठून भरायचा कंटाळा आला होता. उगाच काहीतरी करायचं म्हणून मी तिन्ही एकदम चालू केले आणि तिन्हींवर एकच व्हिडिओ लावला. मुलगा लहान असताना बायको त्याचा ताप बघायची तसा पालथा हात एकेकाच्या पोटाला लावून पाहिला. पहिला पाच मिनिटांत तव्यासारखा. त्याचा पंखा गिरणीच्या पट्ट्यासारखा धडधडत होता, मधेच दम घेत होता. दुसरा कोपऱ्यात तेवढा गरम, आणि त्याचा आवाज कानाशी डास असावा तसा बारीक. तिसऱ्यात पंखाच नाही. हात लावला तर उन्हात ठेवलेल्या पुस्तकाइतपत कोमट. चालू आहे की बंद, हे पडदा बघितल्याशिवाय कळत नाही.

मुलाने फोनवर विचारलं होतं, "बाबा, आवाज येत नाही ना? किती शांत ना?"

"शांत आहे," मी म्हणालो. घर आधीच किती शांत आहे ते त्याला काय सांगायचं!

पहिला लॅपटॉप घरी आणला तेव्हा बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "तुमनी ती गिरणी बंद करा आते!" आता ती नाही. संध्याकाळी मी काही काम नसताना तोच चालू करून ठेवतो. घरात काहीतरी वाजत राहतं. पण त्या आवाजाबरोबर शाळेत तो चालवणारी मुलगीही आठवते, आणि मग तो बंदही करता येत नाही.

आमची शाळा नंदुरबारच्या बाहेर, मिरचीच्या पथाऱ्यांना लागून होती. दिवाळीनंतर लाल मिरची उघड्या मैदानावर पसरली जायची आणि होळीपर्यंत आम्ही सगळे ठसकत असायचो. मी तिथे मुख्य लिपिक. मला सगळे भाऊसाहेब म्हणायचे. शाळेला पहिला लॅपटॉप मिळाला तेव्हा तो माझ्या ताब्यात देण्यात आला आणि मी तो तळहाताच्या फोडासारखा जपला.

मी तापीकाठच्या घरात वाढलो. तिथे किमतीची वस्तू उघड्या लाकडावर ठेवत नसत. पोथी असो, तराजू असो, नवं घड्याळ असो, तिला बसायला काहीतरी घालायचे. पुतणीच्या लग्नात लोडांना शिवलेली लाल मखमल घरात उरली होती. बायकोने तिची चौकोनी गादी शिवली, आत घरचा कापूस भरला. लॅपटॉप त्या गादीवर बसला. दसऱ्याला त्याला हळद-कुंकू लागलं, आपट्याचं पान मिळालं. मुख्याध्यापक म्हणाले, "भाऊसाहेब, हाई ते नवरदेव दिसी ऱ्हायना!" मी खूश झालो.

तो चालवायला एक मुलगी आली. बावीस-तेवीस वर्षांची, अक्कलकुव्याच्या पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची, कंत्राटी ऑपरेटर म्हणून. घरी पावरी बोलणारी, आमच्याशी पुस्तकातलं मराठी, जपून, शब्द निवडत. पहिल्याच महिन्यात तिचे वडील तिला बघायला आले. आत या म्हटलं तर आले नाहीत. कार्यालयाच्या दाराबाहेर उकिडवे बसून ते तासभर तिची बोटं चालताना बघत राहिले. मग डोक्याला फडकं गुंडाळून, मला हात जोडून गेले. त्यांच्या पाड्यावरून कार्यालयातल्या खुर्चीवर बसलेली ती पहिली, असं तिनेच मला नंतर सांगितलं.

आठवडाभराने ती म्हणाली, "भाऊसाहेब, याच्याखाली हवा जायला जागा पाहिजे. पंखा खालून श्वास घेतो."

"आणि गादी काय त्याचा गळा दाबते?" मी म्हणालो. शिपाई हसला. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी आलो तर गादी खणात होती, नीट घडी घातल्यासारखी, आणि लॅपटॉपच्या चार कोपऱ्यांखाली पाण्याच्या बाटलीची चार निळी बुचं. बायकोने शिवलेली गादी खणात शिक्क्यांच्या डब्याशेजारी बघून माझं डोकं फिरलं. मी बुचं काढून खिडकीतून पथारीकडे भिरकावली.

"शाळेच्या यंत्राला कुणी कचऱ्यावर बसवतं का?"

"चुकलं, भाऊसाहेब," ती म्हणाली आणि गादी परत घातली.

तिची चूक नव्हती, तरी तो शब्द तिने किती सहज उच्चारला, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

मिरचीचा हंगाम आला. खिडकी बंद केली तरी लाल धूळ फायलींवर बसायची. लॅपटॉप तापायला लागला. बाहेर थंडी आणि याचं अंग भाजतंय. मी हिशोब असा लावला की थंडीत यंत्र तापतं म्हणजे कुणीतरी त्याला नको त्या कामाला दामटतंय.

एके दिवशी मधल्या सुट्टीत मी डबा अर्धा टाकून लवकर परत आलो. ती टेबलावर वाकली होती. कान लॅपटॉपला टेकलेला, डोळे मिटलेले, एक हात त्याच्या कडेवर पसरलेला.

"काय चाललंय हे?"

ती दचकून उभी राहिली. "आवाज बदललाय, भाऊसाहेब. कालपर्यंत घरघरत होता. आता मधेच थांबतो, पुन्हा सुरू होतो. एकदा उघडून बघायला हवं."

"काम कर तुझं," मी म्हणालो.

परीक्षेचे फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवसांत पडदा काळा झाला. जळकट वास आला, आणि त्या वासातही मिरची होती. आम्ही दोघंही खोकलो. फॉर्म आम्ही शेजारच्या शाळेत बसून पुन्हा भरले. विद्यार्थ्यांचं नुकसान झालं नाही. पण यंत्र बंद का पडलं, याचा लेखी खुलासा संस्थेने मागितला. मुख्याध्यापक म्हणाले, "भाऊसाहेब, यंत्र तुमना ताबामा. तुम्हीच लिखी द्या."

मला लिहिता येत होतं. आयुष्यभर तेच केलं होतं. मी लिहिलं: 'संबंधित ऑपरेटर शाळेच्या वेळेत लॅपटॉपला कान लावून गाणी ऐकत असताना मी प्रत्यक्ष पाहिले आहे.'

या वाक्यात एकच शब्द खोटा आहे. कान लावलेला होता. मी प्रत्यक्ष पाहिलंही होतं. ती तेव्हा काय म्हणाली तेही मला आठवत होतं. तरी 'गाणी' हा शब्द लिहिताना माझा हात अडखळला नाही. तिचं कंत्राट त्या आठवड्यात संपवण्यात आलं.

कपाटाची किल्ली द्यायला ती आली तेव्हा खुलाशाची प्रत टेबलावरच होती. तिने उभ्याने वाचली.

"भाऊसाहेब, मी गाणी ऐकत नव्हते."

"आता ते वर गेलंय," मी म्हणालो.

मी काहीतरी शोधत असल्यासारखा खण उघडून बसलो. मान वर केली तेव्हा ती फाटकाबाहेर पडली होती. तिच्या वडिलांना तिने घरी जाऊन काय सांगितलं असेल, हे मी तेव्हा मनात येऊ दिलं नाही. आता येतं.

महिनाभराने मी लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने पाठ उघडली, आत फुंकर मारली आणि दोघांनाही एवढ्या शिंका आल्या की त्याला दुकानाबाहेर जावं लागलं. परत येऊन तो डोळे पुसत हसायला लागला.

"आबा, येना पोटमा ते मिरचीनी पथारी शे! फोडणी दिन्ही का काय?"

मग त्याने चिमट्याने पंख्याच्या जाळीवरून एक थर सोलून काढला. दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखा, बोटभर लांब. लाल तंतू, कापूस, वर मिरचीची पूड घट्ट बसलेली. मखमल मी लगेच ओळखली.

"कशावर ठेवता हो हा?" त्याने विचारलं.

"टेबलावर," मी म्हणालो.

पावतीवर कारण लिहू का, असं त्याने विचारलं. नको, म्हणालो. 'पंखा बदलला' एवढंच लिहून घेतलं. तो थर त्याने कागदात गुंडाळून गमतीने माझ्या हातात दिला. शाळेकडे परत येताना मी तो रस्त्यात टाकला. दुसरा खुलासा मी त्याच दिवशी लिहू शकलो असतो. तिची जागा अजून रिकामी होती. पण मग लिहावं लागलं असतं की गादी माझी, बुचं मी फेकली, आणि तिने आधीच सांगितलं होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. स्वतःचं हसं करून घेऊन मला निवृत्त व्हायचं नव्हतं. एवढंच कारण होतं. दुसरं मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

बायकोलाही सांगितलं नाही. गादी तिने शिवलेली, तिला लागलं असतं, असं म्हणून मी तिच्या नावावरही लपलो.

निवृत्तीनंतर आमचा जुना शिपाई बाजारात भेटला. तो म्हणाला, ती आता अक्कलकुव्याला ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवते, डोंगरातले लोक तिच्याकडेच येतात. तेव्हापासून मी हयातीचा दाखला काढायला अक्कलकुव्याला जातो. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरमध्ये आपण जिवंत आहोत हे अंगठा उमटवून सिद्ध करावं लागतं. असं केंद्र माझ्या गल्लीच्या टोकालाही आहे. तरी मी तळोद्यावरून जाणाऱ्या बसमध्ये बसतो आणि वाटभर एकच वाक्य घोकतो. असं तीनदा झालं.

पहिल्या वर्षी तिने मला लगेच ओळखलं. "या भाऊसाहेब, बसा." आता मला कुणी भाऊसाहेब म्हणत नाही. दुकानात गर्दी होती. गर्दी आहे म्हणून मी बोललो नाही. दुसऱ्या वर्षी गर्दी नव्हती. तेव्हा मी वडिलांची चौकशी केली. ते वारले होते. दाखला घेऊन मी परतीची बस धरली.

तिसरी खेप गेल्या नोव्हेंबरातली. तिच्या टेबलावर एक मध्यम वयाचा लॅपटॉप होता, माझ्या पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधला. पंखा एकसारखा, शांतपणे चालू होता. मी खाली वाकून पाहिलं. चार कोपऱ्यांना चार निळी बुचं.

माझा अंगठा उमटेना. तिने फडक्याने पुसला, पुन्हा दाबायला सांगितलं. यंत्राने तीनदा नकार दिला.

"म्हातारा झालो, रेषा गेल्या," मी म्हणालो.

"रेषा आहेत, भाऊसाहेब. गार पडलाय नुसता." तिने माझा हात धरून लॅपटॉपच्या कडेला नेला, जिथून गरम वारा बाहेर येत होता. "इथे धरा थोडा वेळ. म्हाताऱ्या लोकांचा अंगठा मी असाच गरम करते."

मी हात धरून बसलो. तिच्या पंख्याचा उबदार वारा माझ्या अंगठ्यावर येत होता. बाहेर जीपवाला मोलगीला जाणाऱ्या गाडीत माणसं कोंबत ओरडत होता. दुकानात आम्ही दोघंच होतो.

मग तिनेच विचारलं, पडद्याकडे बघत, अगदी साधेपणाने: "शाळेतला तो जुना लॅपटॉप... शेवटी काय निघालं हो त्यात?"

यापेक्षा मोठं दार कुणी कुणाला उघडून देणार? घोकलेलं वाक्य जिभेवर होतं.

"जुना झाला होता," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली. "मला वाटायचं, त्याला श्वास मिळत नव्हता." आणि माझा हात उचलून तिने अंगठा काचेवर ठेवला. या वेळी उमटला. मी जिवंत असल्याचा कागद तिने मला छापून दिला, घडी घालून, खिशात मावेल असा.

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर अंगठा बराच वेळ उबदार वाटत होता. आता पुन्हा नोव्हेंबर जवळ आला आहे, आणि माझं छातीचं दुखणं बघता मुलगा मला एकट्याने बसचा प्रवास करू देईल असं दिसत नाही. म्हणून ते वाक्य इथे लिहून ठेवतो, जसं वाटभर घोकलं तसं: ताई, तुम्ही गाणी ऐकत नव्हता. तुम्ही पंखा ऐकत होता, आणि हे मला लिहितानाही माहीत होतं. तुमची बुचं मी फेकली. यंत्र माझ्या गादीने गुदमरलं आणि नाव मी तुमचं लिहिलं. चुकलं, ताई.