दार वाजवायची तालीम

माझ्या मावशीच्या खोलीवर पाटी होती: ‘प्रथम वर्ष विद्यार्थी व अध्यापक साहाय्य, मार्गदर्शन आणि समायोजन कक्ष’. ती वाचून होईपर्यंत मधली सुट्टी संपायची. म्हणून अख्खं विद्यापीठ त्या जागेला ‘दाराची खोली’ म्हणायचं. आता खोली म्हटली की दार आलंच. पण हिच्या खोलीत आणखी एक दार होतं आणि ते मधोमध उभं होतं. आजूबाजूला भिंत नाही, काही नाही. जुनी स्वच्छतागृहं पाडली तेव्हा मावशीने त्यातलं एक दार चौकटीसकट उचलून आणलं, सुताराकडून खाली दोन आडवे पाय ठोकून घेतले आणि उभं केलं. दार कुठलं आहे ते कळल्यावर कोणी नाक मुरडलं की ती म्हणायची, "आयुष्यात माणूस एकाच दारावर न लाजता धाडधाड थापा मारतो. ते हे. म्हणून हेच आणलं."

त्या दाराचं काम असं. पहिल्या वर्षाचं पोर अलीकडे उभं राहणार. पलीकडे टेबल मांडून दुसऱ्या वर्षाचं कोणीतरी प्राध्यापक होऊन बसणार. पोराने दार वाजवायचं, आत जायचं, आपलं कुठे अडलंय ते सांगायचं आणि उत्तर घेऊनच बाहेर यायचं. मावशी याला तालीम म्हणते. खऱ्या प्राध्यापकाच्या खऱ्या दारापुढे जाण्याआधी जी काही बोबडी वळायची ती इथे वळून जाऊ दे, हा हेतू.

ऐकायला सोपं वाटतं ना? शाळा सुटली की मी त्या खोलीच्या कोपऱ्यात मावशीची वाट बघत बसायचे, म्हणून मी बघितलंय. शाळेत वक्तृत्वाच्या ढाली पटकावलेले वाघ त्या दारापुढे आले की त्यांची मांजरं व्हायची. एका मुलीला तर सगळे मुंगीच म्हणायचे. ती बोटाच्या पेराने दाराला अशी शिवायची की दारालाही कळू नये. तरी पलीकडून आवाज यायचा, "कोण आहे?"

"कोणी नाही, सर," मुंगी म्हणायची आणि निघून जायची!

"अगं, कोणी नाही तर बोललं कोण?" मावशी तिला दंडाला धरून परत आणायची. "चल, पुन्हा."

हे खूळ मावशीच्या डोक्यात शिरलं दवाखान्यात. विद्यापीठात लागण्याआधी ती कितीतरी वर्षं एका डॉक्टरांकडे नंबर लावायच्या टेबलावर होती. बाहेरच्या बाकावर एखादे आजोबा शेजाऱ्याला सांगत असायचे, "डोळ्याला डोळा नाही हो. छातीत अशी कळ येते, अशी कळ येते की जीव नकोसा होतो." नंबर लागला, आजोबा आत गेले. डॉक्टर विचारणार, "काय होतंय?" आजोबा म्हणणार, "विशेष काही नाही. जरा अशक्तपणा." ताकदीच्या गोळ्या घेऊन बाहेर, आणि बाकावर बसले की कळ पुन्हा सुरू! मावशीने हे पाहून पाहून एक दिवस आजोबांना अडवलं. "आजोबा, समजा मीच डॉक्टर. बोला." त्यांच्याकडून सगळं वदवून घेतलं आणि मगच आत सोडलं. पुढे तो तिचा शिरस्ताच झाला. डॉक्टरांना कळेना की त्यांचे पेशंट एकाएकी इतके शहाणे कसे झाले.

मावशीचं स्वतःचं असं काही लपलेलं दुःख यात नाही, हे आत्ताच सांगून टाकते, कारण लोक ते शोधतातच. मान तिरकी करून, आवाजात मध घालून विचारतात, "तुम्हालाही पहिल्या वर्षी खूप त्रास झाला असेल, नाही?"

"छे! मी पहिली आले होते," मावशी म्हणते. "औषध द्यायला आधी आपलं डोकं दुखावं लागतं का?"

आणि पाटीवरचा ‘अध्यापक’ हा शब्द शोभेचा नव्हता. पहिल्या वर्षाला शिकवायला नवे लागलेले शिक्षक मुलांपेक्षा जास्त घाबरलेले असतात, फक्त त्यांचा शर्ट इस्त्रीचा असतो. ते यायचे, पण बाकी गर्दी ओसरल्यावर, इकडेतिकडे बघत आणि खोलीचं खरं दार लावून घेऊन. गणिताचे एक कोवळे सर होते, त्यांना घाबरले की हसू यायचं. फळ्याकडे तोंड केलं की खांदे गदगदायला लागायचे, आणि मुलांना वाटायचं, सर आपल्या अकलेला हसतायत. मावशी दुसऱ्या वर्षातली टवाळ पोरं निवडून मागच्या बाकावर बसवायची आणि या हसऱ्या सरांना तास घ्यायला लावायची. त्या तासात एक वाक्य बंद होतं: ‘समजलं का?’

"समजलं का विचारलं की सगळे हो म्हणतात. मी पण म्हणीन," मावशी सांगायची. "कुठे अडलं ते विचारा."

हसरे सर घाम पुसत विचारायचे, "कुठे... कुठे अडलं?"

मागून एक टवाळ: "सर, तुम्ही वर्गात आलात तिथेच!"

मग सरांना जे हसू फुटायचं, ते मात्र घाबरल्याचं नसायचं.

भांडण पेटलं ते अर्थातसरांमुळे. ते विभागप्रमुख. प्रत्येक वाक्याआधी ‘अर्थात’ लावतात, आणि त्या ‘अर्थात’च्या आधी असा घसा खाकरतात की जुनी स्कूटर किक मारूनही सुरू होत नाहीये असं वाटावं. दुसऱ्या वर्षातला जिराफ (नुसता उंच, बाकी काही नाही) त्यांची नक्कल हुबेहूब करायचा. त्या दिवशी अलीकडे मुंगी होती, पलीकडे जिराफ.

"ख्ख्रं... अर्थात, हे तुम्हाला शाळेतच यायला हवं होतं. ख्ख्रं... अर्थात, आता मी काय करावं अशी अपेक्षा आहे?"

नेमके तेव्हाच अर्थातसर व्हरांड्यातून चालले होते. थबकले. मला खिडकीतून त्यांचा चेहरा दिसत होता. आपण अजून बाहेरच आहोत आणि आपला आवाज पुढे जाऊन आत बसलाय, हे कळल्यावर माणसाचं जे होईल ते त्यांचं झालं. त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावून बघितला, देवाशपथ!

दुसऱ्या दिवशी मावशीला कुलसचिव मॅडमनी बोलावलं. या मॅडम स्वतः कधीच काही करत नाहीत. त्यांच्या ऑफिसात सगळं आपोआप होतं. मावशीने घरी येऊन पदर सावरत, ओठ न हलवता सगळा प्रसंग करून दाखवला.

"असं निदर्शनास आलेलं आहे की, सदर कक्षात ज्येष्ठ अध्यापकांची टिंगल केली जाते. असं ठरवण्यात आलेलं आहे की, आपण माफी मागावी आणि हे प्रकार थांबवावेत. अन्यथा खोली परत घेण्यात येईल."

"कोणी ठरवलं?"

"ठरवण्यात आलं."

"बरं. नक्कल चुकली असेल तर माफी मागते," मावशी म्हणाली. "सरांनी फक्त सांगावं, कुठे चुकली? खाकरणं कमी पडलं का?"

"हा उद्धटपणा आहे."

"हो, आहे. पण मुद्दाही आहे ना, मॅडम. आमचा जिराफ गोड गोड सर झाला, तर ती पोरगी खऱ्या सरांच्या पहिल्याच खाकरण्याला पळून जाईल. मी गोड सर कुठून आणू? विद्यापीठाने जे दिलेत, त्यांचीच तालीम घेते."

हे ऐकून मी टाळ्या वाजवल्या आणि आईने मला डोळ्यांनीच खाली बसवलं. आई म्हणजे मावशीची मोठी बहीण. आमच्या घरात तिच्यापुढे कोणाचं चालत नाही, एक मावशी सोडून.

"मागून टाक ना माफी! जीभ झिजते का तुझी?"

"झिजत नाही ताई, पण वळतही नाही."

"नोकरी गेली म्हणजे वळेल."

"नोकरी नाही जात. खोली जाते."

"खोली गेल्यावर नोकरी किती टिकते गं? आम्हाला काय दुधखुळं समजलीस?"

बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "अर्थात..." आणि आम्ही तिघींनी एकदम त्यांच्याकडे बघितलं तसे पुन्हा वर्तमानपत्राआड गेले.

मावशीने पाण्याचा पेला खाली ठेवला. "ताई, मी माफी मागितली तर उद्या त्या पोरांना काय शिकवू? दार वाजवा, पण आतल्या माणसाला राग आला तर हात जोडून परत फिरा? अगं, तेच तर ती आधीपासून करतायत! त्याला माझी काय गरज?"

आईने भांडी जरा जास्तच जोरात आवरली.

सोमवारी खोलीला कुलूप होतं. मधलं दार आत, आम्ही सगळे बाहेर. पहिल्या वर्षाची पोरं व्हरांड्यात घोळका करून उभी. मुंगीच्या डोळ्यांत पाणी.

"मॅडम, आता तालीम नाही?"

"तालीम बंद करण्यात आलेली आहे," मावशी म्हणाली, थेट कुलसचिवांच्या आवाजात. मग स्वतःच्या: "आता सरळ प्रयोग. चला."

तिने शिपाईकाकांकडून एक खुर्ची मागून घेतली आणि थेट अर्थातसरांच्या खोलीबाहेर मांडून बसली. त्यांच्या दाराशेजारी भिंतीवर रंगवलेलं होतं: ‘विद्यार्थ्यांना भेटण्याची वेळ, दुपारी चार ते पाच’. रंगाचे पोपडे निघाले होते. त्या वेळात कोणी विद्यार्थी आल्याचं शिपाईकाकांनाही आठवत नव्हतं. सर तेव्हा निवांत चहा प्यायचे.

मुंगीने दार वाजवलं. जोरात नाही, पण दाराला कळलं.

"कोण आहे?"

व्हरांड्यात सगळ्यांचे कान दाराला.

"मी. पहिल्या वर्षातली."

"ख्ख्रं... अर्थात, वेळ घेतली होतीत का?"

जिराफाने कपाळावर हात मारला. हे वाक्य त्याने तालमीत कधी घेतलंच नव्हतं! मुंगीने वळून मावशीकडे बघितलं. मावशी छताकडे बघत बसली, जणू तिथे पाल आहे.

"सर," मुंगी म्हणाली, "वेळ तुम्हीच दिलीय. भिंतीवर आहे."

आणि आत गेली. बरीच आत होती. आलटून पालटून खाकरणं आणि तिचा बारीक आवाज ऐकू येत होता. बाहेर आली तेव्हा कान लालबुंद.

"उदाहरणाची दुसरी पायरी समजली. पहिली अजून नाही. उद्या परत बोलावलंय."

"बोलावलं?" जिराफाचा विश्वास बसेना.

"म्हणजे... मीच म्हटलं, उद्या येते."

तिच्यामागून पुढचा, त्याच्यामागून पुढची. यातल्या बऱ्याच जणांची तालीम झालीच नव्हती. एक आत जाऊन प्रश्नच विसरला आणि सरांना ग्रंथालय कुठे आहे विचारून आला. एकीला रडू कोसळलं, तसे अर्थातसर स्वतः दारात आले. "अहो बाई, हे... हे काय करायचं असतं?"

"खोलीत असते तर सांगितलं असतं, सर," मावशी म्हणाली. "आता मी व्हरांड्यातली बाई." पण उठली, मुलीच्या पाठीवर हात ठेवला, आणि सरांना म्हणाली, "तिला पाणी द्या. आणि ‘शाळेतच यायला हवं होतं’ एवढं आज नका म्हणू."

सरांनी पाणी दिलं. आपल्या हाताने.

मग हे लोण पसरलं. मुलं सगळ्याच दारांवर जायला लागली. एका प्राध्यापकांनी आपली वेळेची पाटीच उपटून टाकली. दोघांनी कुलसचिवांना जाऊन सांगितलं, त्या बाईला खोली द्या बुवा, ही कच्ची पोरं आम्हाला झेपत नाहीत. त्यानंतर शिपाईकाका जिना चढून धापा टाकत आले.

"बाई, ही घ्या किल्ली. आणि निरोप आहे: तालीम करा, पण नक्कल नको."

"मग किल्ली परत न्या, काका."

"अहो, तीन मजले चढून आलोय!"

"तर बसा, पाणी प्या आणि मग न्या. किल्ली एकटी आली तर घेईन. अटीला सोबत घेऊन आली तर नाही."

घरी आईने कपाळ बडवून घेतलं. "खोली दाराशी चालत आली आणि हिने हाकलली!" पण शेजारणीला हे सांगताना मी तिचा आवाज ऐकलाय. त्यात कौतुक मावत नव्हतं.

या सगळ्यात मार बसला तो नव्या शिक्षकांना. मुलांना व्हरांडा चालला. शिक्षकांना लावून घ्यायला दार हवं होतं. हसरे सर रोज तिथून जायचे, उगीच, बूट बघत, परत यायचे, पुन्हा जायचे. मावशी बघून न बघितल्यासारखं करायची. शेवटी एका दुपारी हातात खडू घेऊन ते तिच्यापुढे उभे राहिले. येणारे-जाणारे प्राध्यापक बघत होते.

"उद्याचा तास अवघड आहे. इथे... इथेच करून बघू का?"

"इथे सगळे बघतील, सर."

"बघू देत," हसरे सर म्हणाले आणि त्यांचे खांदे गदगदायला लागले. "काय व्हायचं ते होऊ दे."

पोरं फरशीवर मांडी घालून बसली. सरांनी भिंतीलाच फळा मानून सुरुवात केली. पहिलं वाक्य बरं गेलं. दुसऱ्याला हसू आलं, ते त्यांनी गिळलं, तसा आवाजही पोटात गेला. तिसरं वाक्य मलाही ऐकू आलं नाही, आणि माझे कान तर कुप्रसिद्ध आहेत.

टकटक ऐकून कंटाळलेल्या अर्थातसरांनी आताशा आपलं दार उघडंच ठेवायला सुरुवात केली होती. त्या उघड्या दारातून आवाज आला.

"ख्ख्रं... आवाज वाढवा. मागे काही ऐकू येत नाही."

सगळे गार. ते रागावले होते की काय, कोणाला सांगता येईना. हसऱ्या सरांच्या हातातून खडू पडला. जिराफाने तो उचलून दिला.

मावशीने मागे वळूनही बघितलं नाही.

"ऐकलंत ना, सर? मागच्या बाकावरून तक्रार आहे," ती म्हणाली. "पहिल्यापासून घ्या."