तारेवरून न सांगायची बातमी

झुराकान कुणावर चटकन विश्वास ठेवणारी बाई नव्हतीच. कुणी फार गोड बोललं, की हा नक्की काहीतरी मागणार, हे ती धरूनच चाले. नारिनच्या डोंगरातल्या त्या गावात टेलिफोन आला, तेव्हा सगळ्यात जास्त संशय तिलाच आला. आणि तिचं चुकलं असं मी तरी म्हणणार नाही.

जानेवारीत तिचा नवरा शार्शेन गेला होता. घाट बर्फाने बंद, आणि एकुलता एक मुलगा तोक्तोसुन दूर फ्रुंझे शहरात शिकायला. अशी बातमी कागदावर लिहून पाठवायची त्यांच्यात रीत नाही. गाव जमतं, वडीलधारी माणसं पोराला मधे घेऊन बसतात, इकडचंतिकडचं बोलतात आणि मग हळूच सांगतात. उन्हाळ्यात तो आला की सांगू, असं ठरलं होतं. तोवर ती शेजाऱ्याकडून पत्रं लिहून घेई आणि खाली शार्शेनचा सलाम घाली. घालताना तिचा जीव तुटायचा.

आणि आता गावचा अध्यक्ष सुयुनबेक दात काढत दारात उभा.

"झुराकान एजे, पहिला फोन तुमच्या तोक्तोसुनला! त्याला तार केलीय. उद्या दुपारी कचेरीत या."

"मी मागितला होता? आणि त्यातून कोण कोण ऐकतं?"

"कुणी नाही हो!"

"मग ती मधे बसून तारा जोडणारी पोरगी काय कानात लोकर कोंबून बसते?"

ती गेली ती बातमी फुटू नये म्हणून पहारा द्यायलाच. कचेरीत अख्खं गाव लोटलेलं. "कुणी तोंड उघडलंत तर बघा," असा दम भरून तिने फोन कानाला लावला.

"आपा! ऐकू येतंय?" पोराने आईला हाक घातली.

"येतंय. जेवतोस ना?"

"जेवतो. अताकेंना द्या ना. असं यंत्र आलं आणि बाप माझा पुढे घुसला नाही?"

"मेंढ्यांकडे गेलेत."

"आणि हा गलका कसला?"

"गाव जमलंय," ती बोलून गेली आणि जीभ चावली.

"गाव कशाला जमलंय, आपा?"

"यंत्र बघायला रे."

"मग सगळे एकदम गप्प का झाले?"

झुराकानने वळून पाहिलं. सुयुनबेक खाली बघत होता. त्याचा गळा धरावासा वाटला तिला.

"तुझ्याजवळ कोण आहे?" तिने विचारलं.

"टपालकचेरीत रांग आहे. मागे एक म्हातारे आहेत, आपल्यातलेच."

"त्यांना दे."

खरखर झाली. "बोल, लेकी."

"बाबा, तुम्ही कोण, मला ठाऊक नाही. या पोराचा बाप जानेवारीत गेला. माझा हात तिथवर पोचत नाही. तुम्ही सांगा त्याला."

म्हातारा लांबून बोलताना ऐकू आला, "बस इथे, बाळा. कुठला तू? तुमच्याकडे घोडे कसे आहेत यंदा?"

झुराकानने डोळे मिटले. सुयुनबेक हळूच म्हणाला, वेळ संपली. तिने फोन सोडला नाही. तोक्तोसुनचा हंबरडा आला, तेव्हा भरल्या कचेरीत तीही त्याच्याबरोबर मोठ्याने रडली.