चौदा तासांचा बोर्ड

'पोचायला किती वेळ लागेल?' असं हिंगोलीत कोणालाही विचारा. वेळ सोडून सगळं मिळेल. धीर, चहा, शपथा! असले किस्से माझ्याकडे इतके साचलेत की मित्र भेटले की आधी म्हणतात, "तो बोर्डाचा सांग."

बी.एस्सी. झाल्यावर, दोन हजार सालाच्या आसपास, मी स्टँडसमोरच्या दिगंबरकाकांच्या ट्रॅव्हल्स ऑफिसात लागलो. पहिल्याच दिवशी एका आजोबांना विचारलं, "कुठं जायचंय?" आजोबा पिशवी उचलून थेट घरी! निघालेल्या माणसाला 'कुठं' विचारणं म्हणजे अपशकुन. घरी जाऊन टेकले, पाणी प्याले, परत आले. तोवर गाडी गेलेली!

काका माझ्यावरच खेकसले, "काहून इचारलं? 'लांब का?' म्हणायचं!"

"आणि तिकिटावर काय लिहू? लांब?"

"तोंड पाहून कळत न्हाई, तर बी.एस्सी. काहून केलं?"

*

मुंबईला बसने चौदा तास लागायचे. काका बिनदिक्कत 'दहा' सांगायचे. मी चिडून बोर्डच रंगवला: 'मुंबई, रस्त्याने चौदा तास. औरंगाबादेहून विमानाने पन्नास मिनिटं.'

काका म्हणाले, "महिनाभर ठेव. पाशिंजर घटले तर बोर्ड जाईल, अन् तू बी."

आठवड्यातच एक नेहमीचं गिऱ्हाईक शेजारच्या ऑफिसात गेलं. तिथं 'दहा तास' लिहिलेलं! परत आल्यावर मी मुद्दाम गाठलं.

"किती लागले?"

"पंधरा."

"मग?"

"मंग काय! दहाच्या गाडीला पंधरा लागले, तर तुमच्या चौदाच्या गाडीला किती लागले असते?"



*

आखाडा बाळापूरचे एक पुढारी विमानाचं तिकीट विचारायला आले. मी उत्साहाने हिशेब मांडला. औरंगाबादपर्यंत जीपने सहा तास, विमानतळावर आधी दोन तास, मग पन्नास मिनिटं.

पुढारी विचारात पडले. "इमान सुटताना आपल्याकडचं कोण पाहतं?"

"औरंगाबादेत? कोणीच नाही."

"मंग बसच द्या. पुढची शीट!"

*

एकदा मुंबईहून येणारी आमची गाडी जालन्यात बंद पडली. आत एका बाईचा मुलगा होता. बाईंचा फोन आला तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "गाडी औंढ्याच्या पुढं आली!"

औंढा म्हणजे इथून अर्ध्या तासावर. मी ओरडलोच, "काका, धडधडीत खोटं!"

"मंग काय पाच तास रडत बसवू तिला?"

कोणतीही गाडी कुठंही अडको, काकांच्या फोनवर ती कायम औंढ्याच्या पुढंच आलेली असायची.

*

महिना संपायला दोन दिवस होते. पाशिंजर घटले होते. मी मनातल्या मनात सामान आवरलेलं. त्या सकाळी काकांच्या छातीत दुखायला लागलं आणि त्यांना दवाखान्यात हलवलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "मुलाला बोलवा. संध्याकाळपर्यंतचं काही सांगता येत नाही."

मुलगा प्रकाश मुंबईला. मिळालं ते विमान त्याने धरलं. दुपारी त्याचा फोन आला, "आत्ता औरंगाबादला उतरलो." पन्नास मिनिटं, बोर्डाबरहुकूम! आणि पुढे रस्त्याने सहा तास.

काकांनी खुणेनं मला जवळ बोलावलं.

"पक्या कुठंशी आलाय? तू तरी खरं सांग."

काकू माझ्याकडे बघत होत्या.

"गाडी औंढ्याच्या पुढं आली, काका."

काका गालातल्या गालात हसले. मग काकूंना म्हणाले, "चहा सांगून ठेव. पोरगं येऊन राहिलं."