पिठीसाखरेचे चिरोटे

अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलच्या गल्लीत हॅलोविन म्हणजे जत्राच म्हणा ना. त्या संध्याकाळी मुलं भुताखेतांची, पऱ्यांची सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात. पंधरा दिवस आधीपासून हिरवळीवर थर्माकोलची थडगी, झाडांना सांगाडे, दारोदारी कोरलेले भोपळे. पहिल्या वर्षी मी मुलाला म्हटलं, "अरे, नांदत्या घरापुढे थडगी कसली?" तर म्हणाला, "आई, इथे भुतांचेही लाड करतात."

२००१ साली मात्र सगळं वेगळंच होतं. न्यूयॉर्कचं ते झाल्यापासून भोपळ्यांशेजारी झेंडे लागले होते. समोरची बाई एरवी मला बघून हात हलवायची, ती आता गाडीतून उतरली की सरळ घरात. सहा वर्षांच्या नातीला कुणाच्या वाढदिवसाचं बोलावणं येईना. "आजी, विल दे कम टू अवर हाऊस?" रोज विचारायची. मुलं आपल्या दारी येतील ना, एवढाच घोर त्या पोरीला. खरं सांगते, मलाही तोच.

सुनेनं चॉकलेटं आणून ठेवली होती. पण मला वाटलं, दारी आलेल्या लेकरांना विकतचं काय द्यायचं? घरचं खाल्लं की माणूस आपला होतो, जन्मभर हेच बघितलंय. दिवाळीला अवकाश होता, तरी मुलगा-सून ऑफिसला गेल्यावर चिरोटे तळले. छान पदर सुटले, वर पिठीसाखर भुरभुरवली. आता द्यायचे कशात? मुलाच्या खणात पत्राची पांढरी पाकिटं सापडली. दोन-दोन घातले, चिकटवून टाकले.

आणि मुलं आली हो! नात परीचे पंख लावून दारात उभी, एकेकाच्या पिशवीत पाकीट टाकतेय, तोंड नुसतं फुललेलं. अकरा पाकिटं गेली.

तेवढ्यात मुलगा ऑफिसातून आला. पाकीट हातात घेतलं, फाडलं, बोटांना साखर लागली. चेहराच उतरला.

"आई, हे किती जणांना दिलंस?"

"का रे? चिरोटे आहेत."

"अगं, टपालातून कुणीतरी विषारी पांढरी पूड पाठवतंय! माणसं मेलीत त्यानं. टीव्ही बघतेस ना तू?"

बघत होते की. तोंडाला फडकी बांधलेली माणसं दाखवायचे. इंग्रजी कळतंय कुणाला? मला वाटलं, कसली तरी साथ असेल.

एवढ्यात समोरची बाई आली. पाकीट दोन बोटांत, अंगापासून लांब धरलेलं. पायरी काही चढली नाही. मुलानं ते घेतलं, तिच्यादेखत उघडलं आणि अख्खा चिरोटा खाल्ला. मिशीला साखर, तोंडात घास आणि सारखं "शुगर, माय मदर, सॉरी." एवढेच शब्द मला कळले. माझ्या मुलाला स्वतःच्या दारात असं खाताना बघणं, काय सांगू तुम्हाला. बाई "ओके" म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

मग त्यानं नातीची भोपळ्याच्या आकाराची प्लॅस्टिकची बादली उचलली. "दहा घरं गाठायला हवीत. पोलीस येण्याआधी."

"तू कशाला जातोस? मी जाते, माझी चूक आहे."

"तू नको, आई. तू तर नकोच."

नात म्हणाली, "आय नो हू, बाबा." मुखवट्यांमागची मुलं तीच ओळखणार. गेले दोघं. सगळी मुलं दारोदार मागत फिरत होती आणि आमची परी दिलेलं परत मागत होती. काचेतून तिचे पंख तेवढे दिसत होते.

आठ परत मिळाली, सगळी न उघडलेली. दोन मुलांचा पत्ता लागला नाही. जेवणं होईस्तोवर मुलगा फोनजवळ बसून होता. फोन आला नाही, कुणी आलंही नाही. सुनेनं दारावरचा दिवा मालवला. तिन्हीसांजेला लावलेला दिवा एरवी मी कधी मालवू दिला नसता, त्या दिवशी दिला.

पंख काढताना नात म्हणाली, "आजी, नेक्स्ट इयर ओन्ली चॉकलेट. ओके?"

"ओके," म्हटलं.

त्या दोन पाकिटांचं काय झालं, कोण जाणे. कुणा पोरानं खाल्लं असेल, असं मी अजून मनाला सांगते. चिरोटे मात्र तेव्हापासून पाकातलेच करते. बोटांना चिकटतात, पण पूड उडत नाही.