निसटलेले गोऱ्हे

सांगवीत गाय माजावर आली की रेतन करणाऱ्या डॉक्टरला फोन जातो. मोटारसायकलला नायट्रोजनचं भांडं बांधून तो येतो. त्यातली गोठवलेल्या वीर्याची कांडी कोमट पाण्यात धरली की नजर घड्याळावर. तेव्हा कुणी बोललेलं त्याला खपत नाही. कालवडच व्हावी म्हणून पेशी निवडून भरलेली ‘सॉर्टेड’ कांडी मी घेतली होती.

“डॉक्टर, एवढं बारीक निवडतात कसं?”

त्यानं मातीत रेघ ओढली. “गुरुजी, काचंत केसाएवढा पाट हाय समजा. एकेक पेशी व्हात येती. नराची दिसली, की मशीन पाण्याचं दारं मोडल्यागत तिला दुसऱ्या सरीत लावतंय.” मग मातीवर हात फिरवत म्हणाला, “तरी एखादी निसटतीच. आधीच सांगतो.”

आमच्या गाईला गोऱ्हा झाला. मी फोनवर नको ते बोललो. तो आला, वासराची शेपटी उचलून बघितली.

“व्हय, निसटला. ठेवणार हाय का ह्याला?”

मी नकारार्थी मान हलवल्यावर तो म्हणाला, “मग मी नेतो.”

वासराचं दूध तुटल्यावर तो टेम्पो घेऊन आला. गोऱ्ह्याला डॉक्टरच्या घरी पोचवायला मीही गेलो. त्याच्या दावणीला आधीच चार गोऱ्हे होते. प्रत्येकामागं माझ्यासारखाच एक फोन असणार.