रत्नाची ढील

रत्ना आमच्या शेजारची. अमेरिकेतल्या श्रूजबरीत तिला बरीच वर्षं झाली, नोकरी विमा कंपनीत, कॉम्प्युटरवर. पण खरी रत्ना बघायची तर रविवारी सकाळी तळ्यावर जावं. नागपूरच्या या शाकाहारी मुलीला मासे धरायचा नाद कसा लागला, हे तिच्या आईला अजून उमगलेलं नाही. "खायचा नाही तर धरायचा कशाला?" असं त्या फोनवर विचारतात.

"आई, पतंग तरी कुठे खात होतो आपण?"

ती बास मासे धरते, तेही केसासारख्या बारीक लाईनवर, म्हणजे गळाच्या दोरीवर. आमच्या तळ्याचं पाणी नितळ आहे. जाड लाईन दिसली की बास फिरकत नाही. बारीक लाईन त्याला दिसत नाही, पण जोर लावला की तुटते. म्हणून रॉडवरच्या रिळाची कळ सैल ठेवायची आणि मासा ओढेल तशी लाईन जाऊ द्यायची. रत्नाला हे कुणी शिकवायची गरज पडली नाही. संक्रांतीला गच्चीवर तिने ढील देतच पतंग कापले होते.

गेल्या वर्षी पतंगाच्याच सवयीने तिचा घात केला. क्लबच्या जोडी-स्पर्धेत मोठा बास नावेपाशी आला, आणि पतंग उतरवतात तशी तिने रॉड खाली ठेवून लाईन हातानेच ओढली. ती तटकन तुटली. तिचा जोडीदार सिद्धेश, तिच्या ऑफिसातला आणि नागपूरचाच, पतंग कटल्यावर ओरडायच्या सवयीने ओरडला, "ओऽ काट!" किनाऱ्यावरचे अमेरिकन लोक त्याच्याकडे बघत राहिले.

यंदा सिद्धेशने बजावलं होतं, "ताई, जाड लाईन लाव. या वेळी तुटली तर पुढच्या वर्षी मी दुसरा पार्टनर बघणार."

"बघ. लाईन हीच राहील," रत्ना म्हणाली.

स्पर्धेच्या दिवशी मी धक्क्यावर खुर्ची टाकून बसले होते. ऊन कडक होतं, मासे तोंड उघडायला तयार नव्हते. बाकीच्या नावा मोठी आमिषं धपाधप टाकत होत्या. रत्नाने बोटभर रबरी किडा धक्क्याच्या सावलीत सोडला आणि नावेत सिद्धेशशेजारी नुसती बसून राहिली.

"यार, हलव तरी थोडं! काय करून राहिली तू?"

"जेवतोय तो. गप बस."

रॉडचं टोक लवलं. तिने हिसका दिला नाही, रॉड अलगद उचलला. मासा उसळून सरळ माझ्या खुर्चीखालच्या खांबांकडे धावला.

"खेच! खांबाला गुंडाळेल!" सिद्धेश उभाच राहिला. नाव डगमगली.

रत्नाने कळ आणखी सैल केली. लाईन सरसर जाऊ लागली. मला वाटलं, गेला. पण ओढ संपली तसा मासाही थबकला, आणि खांबांना वळसा न घालता आल्या वाटेने उघड्या पाण्यात परतला. मग तिने थोडं थोडं गुंडाळलं, त्याने ओढलं की सोडलं, पुन्हा गुंडाळलं. असं करत करत तो दमला आणि नावेच्या कडेशी आडवा आला. चांगला हातभर होता.

आणि तेवढ्यात सिद्धेशने मासा उचलायची जाळी खाली ठेवून लाईनकडे हात नेला!

"लाईनला हात लावलास तर पाण्यात ढकलीन!" रत्नाचा आवाज पलीकडच्या तीरापर्यंत गेला असेल. "जाळी उचल."

सिद्धेशने जाळी उचलली. मासा आत आला.

वजन करून क्लबवाल्यांनी तो पाण्यात सोडला. दुसऱ्या कुणाचा मासा त्याच्या जवळपासही नव्हता. कप हातात घेऊन सिद्धेश खुशीत धक्क्यावर आला.

"काकू, बघितलं ना आम्ही कसा धरला? ताई, पुढच्या वर्षीही आपणच, हां?"

रत्ना शांतपणे लाईन पुसत होती.

"आधी जाळी धरायला शिक," ती म्हणाली, "मग सांगते."