उणे उत्तराचं काय करायचं?

गणिताच्या मास्तराला किस्से गोळा करावे लागत नाहीत. वर्गसमीकरणं शिकवायला घेतली की ते आपोआप साठतात. त्यात विद्यार्थी मोठे असले तर विचारूच नका! नव्वद सालच्या आसपास, दर रविवारी सकाळी, पिंप्राळ्यात माझ्या ओट्यावर दहावीला बाहेरून बसणाऱ्यांचा क्लास चाले.

*

भिकाभाऊ भुसावळला रेल्वेत खलाशी. गाडीच्या वेगाचं उदाहरण होतं. अवयव पाडले, उत्तरं आली पन्नास आणि उणे साठ. मी म्हटलं, "वेग उणे नसतो. उणे साठ अमान्य."

"का बरं? शंटिंगला गाडी मागेच जाते ना, सर!"

"अहो, पण ताशी साठनं?"

"ड्रायव्हर नवा असला तर जाते!"

*

प्रल्हादनाना रावेरकडचे केळीवाले. घरात ग्रॅज्युएट सून आली म्हणून साठीत दहावीला बसलेले. त्यांच्यासाठी मी मुद्दाम केळीच्या ओळींचं उदाहरण घेतलं. ओळी आल्या पंधरा आणि उणे वीस.

"यातलं कोणतं खोडायचं, नाना?"

"एकबी नाही. त्या वीस वादळात आडव्या झाल्या!"

*

मला खरी काळजी होती सुमनअक्कांची. माहेर दोंडाईचा, बालवाडीत मदतनीस. दहावी झाल्या तर शिक्षिका होणार होत्या, आणि गणितात दोनदा गेल्या होत्या.

फावल्या वेळात अक्का लग्नं जमवायच्या. त्यामुळे अवयवांची जोडी शोधण्यात त्यांचा हात कोणी धरेना. गुणाकार चौऱ्याऐंशी, फरक पाच, एवढं मी फळ्यावर लिहीपर्यंत मागून आवाज यायचा, "बारा आन् सात! जमनं!"

*

गाडी अडायची ती शेवटच्या ओळीत. नापसंत स्थळालाही अक्कांनी जन्मात कधी नकार दिला नव्हता. "कळवतो" म्हणायचं आणि चहा पाजायचा, ही त्यांची रीत. उणे उत्तरापुढे 'अमान्य' लिहायला त्यांचा हातच उचलेना.

"सर, तोंडवर नाही कसं म्हनानं? बिचारं इतलं दूरथीन येल शे!"

मी चिडलो. "अक्का, तो आकडा आहे! तो कुठला दुरून येतोय! त्याला नाकारलं नाही तर मार्क जातात. तिसऱ्यांदा नापास व्हायचंय का?"

अक्कांनी वही पुढे ओढली. म्हणाल्या, "बरं सर, लिखसू."

*

निकालाच्या दिवशी अक्का पेढे घेऊन आल्या. गणितात बरोबर पस्तीस! खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

"अक्का, शेवटी उणे उत्तराला नकार दिलात ना?"

"दिला ना, सर," अक्का माझ्या हातावर पेढा ठेवत म्हणाल्या. "लिखं, 'उणे पंधरा यांना सावकाश कळवू.'"